मुलगी दत्तक द्यायची नाही

"हिचं नाव प्रज्ञा? कोनं ठेवलं व?"

कॉलेजात फीच्या खिडकीतल्या बाबूने हे मोठ्याने विचारलं. माझ्यामागे रांग होती. पोरं, पोरी, त्यांचे बाप. माझ्या मुलीचं प्रमाणपत्र त्याच्या हातात होतं. त्याने ते जरा लांब धरून रांगेला ऐकू जाईल असं वाचलं.

"मतिमंद हाय म्हणते इथं. अन् नाव प्रज्ञा."

रांग हसली. प्रज्ञाही हसली. सगळे हसले की ती हसते. मग घरी आल्यावर विचारते, आई, काय झालं होतं?

बाबूला आता रंग चढला. तो खिडकीतून वाकला. "सांग बाई, सात पंचे किती?"

"हो," प्रज्ञा म्हणाली.

पुन्हा हसले.

प्रज्ञा एकोणीस वर्षांची आहे. तिला सात पंचे येत नाहीत, हे खरं आहे. पण ते 'हो' उत्तर नव्हतं. ती घाबरली की 'हो' म्हणते. काहीही विचारा, 'हो'. भूक लागली का, हो. जेवण झालं का, हो. लहानपणापासून तिला कळलं आहे की 'हो' म्हटलं की समोरचा माणूस लवकर गप्प होतो.

बाबूने प्रमाणपत्र माझ्याकडे सरकवलं. "पावाची भट्टी हाय तिथं, बाई. हात भाजून घेतला त कोन पाहीन? तुमच्या लोकांले त सगळं फुकटच भेटते. घरी बसवा न."

तुमच्या लोकांले म्हणजे अपंगांना की आम्हा बौद्धांना, हे मी विचारलं नाही. दोन्ही असेल. कागद गोळा केले, मुलीचा हात धरला आणि बाहेर आले. रागाने नाही. भीतीने. आत्ता भांडले तर प्रवेशच जाईल, एवढंच डोक्यात होतं.

मी सावंगीत डबे करते. आम्ही मूळचे हिंगणीचे. प्रज्ञाच्या वडिलांना दवाखान्यात वॉर्डबॉयची नोकरी लागली म्हणून इथे आलो आणि शिकणाऱ्या पोरापोरींना मी डबे द्यायला लागले. प्रज्ञा माझ्या हाताखाली कणीक मळते. मऊ मळते, चांगली मळते, हळू मळते. कमी विषय आणि जास्त वेळ अशी सवलत घेऊन बारावी झाली. पुढे काय, तर तिने स्वतः सांगितलं, पाव करायचा. सेलू रोडवरच्या एका खाजगी कॉलेजात बेकरीचा पदविका अभ्यासक्रम आहे. विनाअनुदानित, म्हणून फी मोठी. पण मला पटलं. पाव खपतो. माझ्यानंतर तिच्या हातात काहीतरी असेल.

माझ्यानंतर. हा शब्द मी मनात आणत नाही. तो आपोआप येतो. पोळी लाटताना येतो.

शिष्यवृत्त्या आहेत. जातीची आहे, अपंगांची आहे. दोन्हीसाठी खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं लागतं. प्रज्ञाचं खातं होतं, माझ्या सहीचं. तिला अठरा पूर्ण झाली आणि बँकेने ते थांबवलं. आता तिची सही हवी. ती सही करते, पण दर वेळी थोडी वेगळी. बँकेतले साहेब म्हणाले, पालकत्वाचा कागद आणा, तिला स्वतःचे व्यवहार कळत नाहीत असं लिहून आणा. आणि कॉलेजात म्हणाले, जिला व्यवहार कळत नाहीत तिला प्रवेश कसा द्यायचा? एका दारात मुलगी बिनकामाची आहे म्हणून सांगायचं आणि दुसऱ्या दारात कामाची आहे म्हणून. मधल्या मधे फीची तारीख जवळ येत होती.

अशा वेळी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलं.

मी ज्या दोन होस्टेलांना सर्वांत जास्त डबे देत होते, ती त्यांचीच. त्यांच्या केबिनमध्ये जाताना मी चप्पल बाहेर काढली. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, ताई म्हणाले. त्यांचं बोलणं मऊ होतं.

"फीची काळजी सोडा, ताई. आमच्या मातोश्रींच्या नावाने विद्यार्थी दत्तक योजना आहे. यंदा तुमच्या मुलीला आम्ही दत्तक घेतो. पूर्ण फी संस्थेची."

माझ्या पाठीवरचं ओझं उतरलं. खरंच उतरलं. मी हात जोडले.

"फक्त एक," ते म्हणाले. "तिला भट्टीजवळ नको. उगाच काही झालं तर तुम्हालाही त्रास, आम्हालाही. नाव पटावर राहील, हजेरी आम्ही लावू, शेवटी प्रमाणपत्र मिळेल. तिला काय हो, घरी राहिली काय, इथे राहिली काय. वर्धापनदिनाला मात्र दोघी या."

मी हो म्हणाले. हे 'हो' मुलीचं नव्हतं, माझं होतं. खोटं कशाला सांगू, मलाही समोरचा माणूस लवकर गप्प व्हायला हवा होता.

घरी प्रज्ञाच्या वडिलांना सांगितलं. ते ड्यूटीवर निघाले होते.

"मंग घे न व," ते म्हणाले. "फुकट भेटून राह्यलं."

"पाव कुठं शिकन मंग ते?"

"कागद त भेटन."

"कागदाची भजी तळू?"

ते हसले नाहीत. चपलेचा अंगठा नीट करत म्हणाले, "होस्टेलचे डबे गेले त काय करशीन? सांग न."

म्हणून वर्धापनदिनाला आम्ही दोघी गेलो.

मैदानात मांडव घातला होता. 'दत्तक विद्यार्थी' अशी एक वेगळी रांग होती. एका मॅडमने आमच्या मुलांच्या छातीवर गोल कागदी बिल्ले लावले. बिल्ल्यावर मोठ्या अक्षरात 'दत्तक'. प्रज्ञाच्या नव्या कुर्त्याला टाचणी लावताना मॅडम तिच्याशी नाही, माझ्याशी बोलत होती. "हिला हलू देऊ नका."

पद्धत अशी होती. एकेक मूल वर जाई, अध्यक्षांच्या पाया पडे. त्याला शाल, नारळ आणि पुठ्ठ्याचा मोठा चेक मिळे. आईबाप मागे उभे राहत. फोटो निघे. मग आईने किंवा बापाने माइकवर दोन शब्द बोलायचे. ते दोन शब्द आधीच छापून आम्हाला दिले होते. माझ्या कागदावर होतं: माझ्या मतिमंद मुलीला नवा बाप मिळाला.

मी तो कागद अनेकदा वाचला. प्रज्ञाचा बाप घरी रात्रपाळीची झोप काढत होता.

आमचं नाव पुकारलं. प्रज्ञा याआधी कधी मंचावर चढली नव्हती. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. तिने माझा पदर मुठीत धरला होता, तो सोडवून मी तिला पुढे केलं. मी केलं. दुसऱ्या कोणी नाही.

ती पाया पडली. अध्यक्षांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइक हातात घेतला. आधीच्या मुलांना त्यांनी काही विचारलं नव्हतं. हिला विचारलं, कारण लोकांना तेच पाहायला आवडतं.

"प्रज्ञा, बेटा, आता तू आमची मुलगी ना?"

"हो."

टाळ्या.

"भट्टीजवळ जायची भीती वाटते ना तुला?"

"हो."

"मग घरीच राहून शिकायचं ना? आईजवळ?"

"हो."

सगळ्यांत मोठ्या टाळ्या याला पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले.

मला भीती वाटली. ही भीती मला ओळखीची आहे. ती तिला न्हाण आलं तेव्हापासून माझ्याजवळ आहे. एक दिवस कोणीतरी माणूस तिच्याशी गोड बोलेल. चलतेस का, विचारेल. ती हो म्हणेल. आणि नंतर तो म्हणेल, तिनेच हो म्हटलं. यासाठी मी तिला एकटीला दुकानात पाठवत नाही. यासाठी मी ती न्हाणीघरात असली तरी दाराकडे कान ठेवते. आणि आज मी तिला नवे कपडे घालून, वेणी घालून, स्वतः इथे आणलं होतं. माझ्यासमोर एक माणूस तिच्याकडून 'हो' काढून घेत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. तिची पाव करायची इच्छा तिच्याच तोंडून काढून घेतली, आणि कोणाला काही चोरल्यासारखं वाटलं नाही.

माइक माझ्या हातात आला. मी छापलेला कागद दुमडला.

"साहेब," मी म्हणाले, "मायबाप नसन त्या लेकराले दत्तक घेतात. हिची माय हाय इथं. बाप झोपला हाय घरी, रातपाळी करून."

कोणीतरी हसलं. त्यांना वाटलं मी गंमत करते.

"हिनं हो म्हटलं ते भेवानं म्हटलं. तिले पाव शिकाचा हाय. फी मी भरतो. ते भट्टीपाशी बसन."

आणखी बोलायचं होतं. निवेदकाने माइक माझ्या हातून अलगद घेतला आणि म्हणाला, "आईचं मन आहे." मग पुढचं नाव पुकारलं.

मी प्रज्ञाच्या छातीवरचा बिल्ला काढला. टाचणी निघता निघेना. शेवटी निघाली. बिल्ला, शाल, नारळ, पुठ्ठ्याचा चेक, सगळं अध्यक्षांच्या पुढच्या टेबलावर ठेवलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. फोटोवाल्याकडे पाहत होते, फोटो काढू नको अशा नजरेने.

पायऱ्या उतरताना प्रज्ञा म्हणाली, "आई, नारळ?"

"राहू दे."

"चटणी केली असती."

"घरी हाय आपल्या."

घरी नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी होस्टेलचा फोन आला. डबे बंद. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. भिजवलेली डाळ तशीच होती, ती शेजारी वाटून टाकली. प्रज्ञाचे वडील संध्याकाळी म्हणाले, "हिनं खरंच हो म्हटलं होतं का?" मी सांगितलं, तीनदा. ते भिंतीकडे तोंड करून बसले. मग उठून खिशातला पगार माझ्यापुढे ठेवला.

तो पुरणार नव्हता. आमच्या गल्लीत बायांची भिशी आहे, दर महिन्याला चिठ्ठी निघते. माझं नाव निघायला वेळ होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं, मला आधी पाहिजे, मुलीची फी आहे. एक जण म्हणाली, अशा मुलीवर एवढा पैसा घालतेस? बाकीच्यांनी तिला गप्प केलं नाही. पण पैसे दिले. मी तेवढंच घेतलं आणि आले.

खिडकीत तोच बाबू होता. मला पाहून त्याने आवाज खाली आणला.

"बाई, काऊन पंगा घेता? फी घ्याची नाई असं वरून सांगतलं हाय."

"मंग तसं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"अपंग मुलीची फी घेत नाई असं. सही करा, शिक्का मारा. मी जातो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आत गेला, बराच वेळ गेला. मागची रांग कुरकुरत होती. या वेळी प्रज्ञा माझ्याबरोबर नव्हती. तिला मी घरी ठेवलं होतं, कारण त्याने पुन्हा काही विचारलं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. मनात एकच चालू होतं, हा खरंच लिहून देईल. लिहून दिलं तर मी पुढे कुठे जायचं मला ठाऊक नव्हतं. मी नुसतं ऐकलेलं वाक्य वापरलं होतं.

त्याने लिहून दिलं नाही. पैसे घेतले. पहिला हप्ता.

आता प्रज्ञा कॉलेजात जाते. मी नेते, मी आणते. पहिल्या आठवड्यात शिक्षिकेने तिला भट्टीपासून सर्वांत लांबच्या टेबलावर उभं केलं आणि साच्यांना तेल लावायला सांगितलं. रोज तेच. बाकीची मुलं पीठ मळतात, साचे आत सरकवतात, पाव बाहेर काढतात. ही तेल लावते. तिने तक्रार केली नाही. विचारलं, आवडतं का, तर हो म्हणाली.

म्हणून मी तिला विचारायचं सोडलं आणि शिक्षिकेकडे गेले. मला तिचीही भीती वाटते. तिच्या हातात गुण आहेत. तरी तिला सांगितलं: माझ्या मुलीची फी बाकीच्यांएवढीच भरली आहे. तिला भट्टीपुढे उभी करा. ती भाजेल. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजलेले आहेत, बघा, आणि त्यासाठी मला कधी कोणी घरी बसवलं नाही. मलम मी पर्समध्ये ठेवते.

शिक्षिका म्हणाली, वरून परवानगी लागेल.

मी म्हणाले, घ्या. मी खाली पायरीवर बसते आहे. उद्याही बसेन, परवाही बसेन. डबे निम्मे झाले आहेत, मला आता वेळ आहे. दुसरा हप्ताही मीच भरणार आहे. व्यवहार कळत नाहीत असा कागद मी कोणाला लिहून देणार नाही, बँकेला नाही, कॉलेजला नाही. आणि माझ्या मुलीला यापुढे कोणी काही विचारलं आणि ती हो म्हणाली, तर ते 'हो' मी धरणार नाही. आधी तिची भीती जाईपर्यंत थांबायचं, मग विचारायचं. ज्याला थांबायला वेळ नाही त्याने विचारू नये.