वडलांची चाल

आमचे वडील दारूला कधी शिवले नाहीत, पण आमचं हिंगोलीकडचं अख्खं गोरेगाव त्यांना बेवडा म्हणायचं. चालताना पाय फाकायचे, वळताना झोकांडी जायची, पुढं पुढं जीभही जड झाली. एकदा मामा जीप करून आले आणि नरसीला नामदेवांच्या देवळात नेऊन त्यांना तुळशीची माळ घातली. माळ घातली की दारू सुटते, म्हणून. वडलांनी गुमान घालून घेतली. नाही पीत हे सांगून सांगून थकले होते बिचारे. झोकांड्या काही थांबल्या नाहीत, मग लोक म्हणायला लागले, माळकरी होऊन पितो. आता ह्या अकलेला काय म्हणावं!

चाळिशी उलटली आणि तीच चाल माझ्या पायात आली. मी शाळेत शिकवते. फळ्यावरची ओळ वाकडी जायला लागली, जिन्याला कठडा लागायला लागला. बाईमाणूस म्हणून मला कुणी बेवडी म्हणालं नाही. अशक्तपणा आहे, बीट खा म्हणाले. बीट खाऊन खाऊन जीव विटला. शेवटी आईला घेऊन नांदेडला मेंदूच्या डॉक्टरांकडं गेले. घरात असं अजून कुणाला होतं का, त्यांनी विचारलं. आई पटकन म्हणाली, "न्हाई, आमच्यात असलं काई न्हाई. हिचे वडील तेवढे प्यायचे."

मला असा राग आला! वडील कसे चालायचे ते दाखवावं म्हणून मी उठले, तर नक्कल करायची गरजच पडली नाही.

रक्त घेऊन जनुकांच्या तपासणीला पाठवलं. काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. अटॅक्सिया. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग हळूहळू झिजतो. वडलांकडून आलेला. बरं करणारं औषध नाही. व्यायाम करा, पडू नका. मला काहीच वाटलं नाही, रडूसुद्धा आलं नाही. बाहेर बाकावर आई बसली होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग मी त्यांला जन्मभर काहून बोलले?"

डॉक्टर शेवटी जे म्हणाले तिथंच मी अडकले होते. माझ्या मुलीला हे असण्याची शक्यता निम्मी. ती सज्ञान आहे, तपासणी करायची की नाही ते तिचं तिनं ठरवायचं.

मुलगी हिंगोलीत कॉलेजला आहे, घरूनच ये-जा करते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आत्ता नाही करायची, मला आत्ता जाणून घ्यायचं नाही. बराबर आहे तिचं. पण ती पाणी आणायला उठली, ओट्याजवळ वळली, की माझी नजर तिच्या पायावर जातेच. नुसती बघत बसते, बधिरासारखी.

परवा ती गच्चीवरून बादली घेऊन उतरत होती. मी खाली उभी. ती मधल्या पायरीवर थांबली.

"आई, तू अशी बघून राहिलीस की मला चालायचं कसं तेच सुचत न्हाई."

मी पाठ फिरवली. ती उतरायला लागली, आणि तिच्या चपलांचा आवाज सारखा पडतोय का, ते मी कान देऊन ऐकत राहिले.