दांडातला समुद्र

समुद्राविषयी वरवट बकाल या गावाला जे काही ठाऊक आहे ते सगळं माझ्या बायकोच्या मामांनी सांगितलेलं आहे, आणि मामांनी समुद्र पाहिलेला नाही. एकदा मोबाईलवर कांद्याचे भाव बघताना त्यांच्यापुढे समुद्रतळाचा व्हिडिओ उघडला. किनाऱ्यापासून दूर, उथळ समुद्राच्या तळाशी रेतीचे मैलोन्‌मैल लांब बांध आपोआप तयार होतात हे कळलं, आणि मामांचं कांद्यातलं लक्ष उडालं. पंगतीत ते भाताच्या ढिगावर वरण तिरकं ओतायला लावतात आणि शितं कुठे साचतात ते शेजारच्याला दाखवतात. शेजारचा तोवर जेवून उठलेला असतो. सिद्धांत मला पाठ आहे: "पह्यले थोडासा उंचवटा लागते. पानी त्याच्यावरून तिरपं गेलं की मंदावते, रेती टाकते. जेवढा वाढते तेवढी अजून टाकते."

यंदा समुद्र शेतात आला. मामांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची विहीर एकच, आणि पाण्याचा मातीचा दांड मामांच्या शेतातून भावाकडे जातो. दांडाच्या वळणावर मोटरीच्या पाण्यातली बारीक रेती साचू लागली. मामा हरखले. रोज काडी रोवून उंची मोजायची आणि फावड्याला हात लावू द्यायचा नाही. भावाकडे पाणी पोचेना.

दोघं भाऊ तीन वर्षं बोलत नव्हते. भावाने मुलीच्या लग्नाची पत्रिका स्वतः न आणता शेजाऱ्याच्या हाती पाठवली, एवढंच झालं होतं. मग मामा लग्नाला गेले नाहीत, मग भाऊ मामांच्या आजारपणात आला नाही, मग दिवाळीचा फराळ बंद झाला. तेव्हापासून माझ्यासारखा जावई मध्ये उभा असला की संभाषण चाले.

"जावईबापू, त्यायले सांगा, कांदा वाळून राह्यला माहा," भाऊ धुऱ्यापलीकडून, दोन शेतांमधल्या बांधाच्या त्या बाजूने, म्हणाला.

"त्याले सांगा, प्रयोग चालू हाय," मामा माझ्याकडेच बघत म्हणाले.

मामी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवला आणि विचारलं, उंचवटा पहिल्या दिवशी केवढा होता? मुठीएवढा, मामा अभिमानाने म्हणाले.

"मंग तवाच मुठीनं उचलून फेकला असता," मामी म्हणाल्या. त्या दांडाकडे बघत नव्हत्या, भावाकडे बघत होत्या.

 मामांनी चहा निवू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी स्वतः फावडं चालवलं. मग पाण्यासोबत चालत धुऱ्यापर्यंत गेले, आणि पलीकडे उभ्या भावाला, मला मध्ये न घेता, म्हणाले, "आलं का पानी?"

"आलं," भाऊ म्हणाला.

आता भाऊ रोज चहाला येतो. बिचाऱ्याने तीन वर्षांत सिद्धांत ऐकलेला नव्हता, त्यामुळे मामांना कोरा श्रोता मिळाला आहे. मी मात्र त्या सकाळचे मामा विसरत नाही. रेतीची कणाकणाने होणारी वाढ टिपणारा तो माणूस रिकामं फावडं धरून परत आला आणि हळूच म्हणाला, "दाढी पांढरी झाली त्याची, जावईबापू. कवा झाली, मले दिसलंच नाई."