पोरीची मान

राग माह्या नाकावरच असतो, हे घरात सगळ्याईले माहीत. पण पोरीच्या मानेचा राग वेगळा होता. त्यात लाज होती.

ती आठवीत गेली अन् मान मागून काळी पडाले लागली. केसाखाली जाडसर, खरबरीत पट्टा. पौर्णिमेले आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. पांढऱ्या कपड्यावर ती मान अशी उठून दिसे, का वंदनेत माहं ध्यानच लागेना. एकदा मागची बाई हळूच म्हणाली, "पोरीले आंघोळ घालत जा वं बाई." माह्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्या लोकाईले गंदे म्हणू म्हणू जगानं पिढ्या काढल्या. माह्या आईजवळ दोनच लुगडी होती, पण रोज धुतलेलं नेसे. आपल्याले कोणी बोट दाखवाले नाही पाहिजे, हे तिनं आमच्या हाडात घातलं. अन् माह्याच पोरीची मान अशी?

मंग घासली मी. आधी बेसन-हळद, मंग लिंबू, मंग टाचा घासाची वजरी. दर रविवारी, मोरीत बसवून. पोरगी रडे, "आई, दुखून राह्यलं वं, हा मळ नाहीच." मी तिलेच आळशी म्हणत होती. तिची तहान वाढली, जेवली का झोपे, अंगानं भरली. मले वाटलं, वयाचं असंन.

एका रविवारी रक्त आलं. जखम पिकली, तसं तिले यवतमाळले दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं मान पाहिली, काखा पाहिल्या. तिथंही तसाच काळेपणा.

"हे कशानं सोललं?"

मी खरं सांगितलं.

"अहो, हा मळ नाही. शरीरात इन्सुलिन फार वाढलं की कातडी अशी जाड, काळी होते. किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

रक्त तपासलं. साखर वाढलेली. पंधरा वर्षांच्या पोरीले! दोन वर्षं कातडी सांगून राह्यली होती, अन् मी तिले वजरी लावत होती.

डॉक्टरीणबाई गोळ्या, पथ्य, चालणं समजावून सांगत होत्या. पोरीनं सगळं ऐकलं. डायबेटीस हा शब्दही ऐकला. तरी तिचा चेहरा असा मोकळा झाला, का मले पाहवेना.

"मंग मॅडम," तिनं विचारलं, "मी गंदी नव्हती ना?"

"नाही गं बेटा."

माह्याकडे मात्र तिनं पाहिलं नाही.