अठ्ठावन्न आणि एकशे चौदा

या सदरात लोक काय काय लिहितात ते मी वाचते आणि बहुतेक वेळा पान उलटते. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, मागून हाक... मी तेहतीस वर्षं सरकारी नर्स होते. मेलेल्या बायांचं अंग पुसलं, डोळे मिटले आणि शेजारच्या खोलीत बसून डबा खाल्ला. कोणी उठून आलं नाही. येतही नाही, असं माझं आजही मत आहे. पण मी जे सांगणार आहे त्यात मेलेलं कोणीच नाही. म्हणूनच ते मला सुटत नाही.

माझं शिक्षण सातवी फायनल. तेव्हा तेवढ्यावर नर्सिंगला घेत. साठ सालानंतर एक-दोन वर्षांत मी अमरावतीच्या दवाखान्यात लागले. बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला सहा खाटा हृदयाच्या पेशंटच्या, त्यांनाच आम्ही हार्टचा कोपरा म्हणायचो. आत्तासारखी मशीनं नव्हती. आमची बोटं आणि एक घड्याळ, बस.

त्या कोपऱ्याचा एक नियम होता. डिजिटॅलिसची गोळी हृदयाचे ठोके कमी करते, म्हणून नाडी साठच्या खाली गेली तर ती द्यायची नाही. पण काही पेशंटचं हृदय असं बेताल पळतं की छातीतला प्रत्येक ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही. मनगटावर कमी लागतात, छातीत जास्त असतात. अशा पेशंटला दोन नर्सांनी एकाच वेळी मोजायचं. एकीने मनगट धरायचं, दुसरीने छातीवर नळी लावायची. घड्याळ मधे. छातीवाली म्हणणार "चालू", मिनिटाने म्हणणार "थांब". मग दोन्ही आकडे तक्त्यावर, समोर दोघींची नावं.

आता खरं सांगते. दुसरी नर्स मिळाली नाही की कोणी कोणी एकटीच मनगट मोजायची आणि छातीचा आकडा अंदाजाने टाकून मैत्रिणीचं नाव लिहायची. मीही एकदा लिहिलं होतं. मॅट्रनबाईंनी पकडलं. म्हणाल्या, "परत दिसलं तर तुझं रजिस्ट्रेशन जाईल." माझ्या पगारावर आई आणि दोन भाऊ होते. तेव्हापासून मी तसं केलं नाही.

मे महिना होता. शुक्रवारी दुपारी दोनला ड्यूटीवर आले. खिडक्यांना खसच्या ताट्या लावलेल्या, तरी भट्टी. मोर्शीकडची गिरजाबाई तीन नंबरच्या खाटेवर, पाय सुजलेले, उशांना टेकून बसलेली. तिचं हृदयही तसंच बेताल, गोळी अडीचची. मी पडदा ओढला, मनगट धरलं. तेवढ्यात इंगळे सिस्टर पडद्याच्या कडेने आत आली. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, उंच. तिने नळी कानाला लावली, गिरजाबाईच्या छातीवर ठेवली आणि म्हणाली, "चालू." मी मोजलं. "थांब," ती म्हणाली.

"अठ्ठावन्न," मी म्हटलं.

"एकशे चौदा."

मी लिहून घेतलं, तिचं नाव टाकलं. वर पाहिलं तर ती निघून गेली होती. नर्स काम झालं की जाते, त्यात पाहायचं काय.

एवढा फरक म्हणून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी स्वतः छाती मोजली, एकशे बारा. नुसत्या मनगटावर गेले असते तर मी गोळी थांबवली असती. डॉक्टरांनी गोळी दिली, वर इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत बाईची धाप कमी झाली.

शनिवारी सकाळी मॅट्रनबाईंनी बोलावलं. तो तक्ता त्यांच्या पुढ्यात.

"इंगळे काल सकाळच्या गाडीने अकोल्याला गेली. बहीण बाळंत झाली म्हणून तार आली होती. मी स्वतः रजा दिली. मग हे नाव कोणाचं?"

मला वाटलं त्यांची काही चूक होते आहे. म्हटलं, गिरजाबाईला विचारा. विचारलं. ती म्हणाली, "दोघीच त होत्या, बाई. ह्या बाईनं हात धरला न त्या उंच बाईनं नळी लावली. काहून, काई बिघडलं का?"

मॅट्रनबाई म्हणाल्या, आजारी बाई नर्स सांगेल तेच बोलणार. त्यांनी माझ्याविरुद्ध रिपोर्ट लिहिला, तक्ता कपाटात घालून कुलूप लावलं. इंगळे आली की तिचा जबाब घेऊन तो वर जाणार होता. दोन रात्री मला झोप नाही. मी इंगळेचं नाव खोटं टाकलं, ही त्या रिपोर्टातली एकच गोष्ट खोटी होती, पण ती खोटी आहे हे मी तरी कशावरून म्हणणार?

सोमवारी इंगळे स्टँडवरून सरळ मॅट्रनबाईंच्या खोलीत आली, हातात पिशवी तशीच. मी भिंतीशी उभी.

"शुक्रवारी दुपारी कुठे होतीस?"

"अकोल्याला, बहिणीकडे."

"या मुलीने तुझ्या नावाने नाडीचा आकडा लिहिला आहे."

इंगळे माझ्याकडे पाहत राहिली. मग विचारलं, "किती वाजता?"

"अडीच."

ती खुर्चीवर बसली. मॅट्रनबाईंसमोर न सांगता कोणी बसत नसे.

"मी गहू निवडत होते," ती म्हणाली, "बहिणीच्या सासूसोबत. अचानक तोंडाने मोजायला लागले. एक, दोन, तीन... भरभर, थांबताच येईना. सासू हसली. म्हणे, 'काहून वं, गहू मोजून राहिली का?' आणि एकाएकी थांबले. एकशे चौदा झाले होते."

मॅट्रनबाईंनी कपाट उघडलं, तक्ता पाहिला, परत ठेवला. रिपोर्टाची घडी केली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. "कामाला लागा," म्हणाल्या. तो रिपोर्ट वर गेला नाही.

बाहेर आल्यावर मी इंगळेचा दंड धरला. घामेजला होता, गरम होता, माणसाचा होता.

"बाई, तुमी आल्या होत्या का नाई?"

"मले काय विचारतं? पाहिलं तुनं," ती म्हणाली, आणि हात सोडवून घेतला. पुढे चार वर्षं आम्ही एकाच वॉर्डात होतो, पण माझ्यासोबत तिने पुन्हा कधी मोजलं नाही. मी पडदा ओढला की म्हणायची, "दुसरी कोनी घे."

मी नंतर तीन-चार डॉक्टरांना विचारलं. सगळ्यांनी मनगटात अठ्ठावन्न आणि छातीत एकशे चौदा का लागतात ते समजावून सांगितलं. ते मला माहीत आहे. मोजलं कोणी, ते एकानेही सांगितलं नाही.