बाबांच्या सायकलचा भाव

बाबांनी सायकल विकायची ठरवली तेव्हा त्यांना शर्टाची बटणंसुद्धा लावता येत नव्हती. कंपवाताचं निदान होऊन तीन वर्षं झालेली. मी डोंबिवलीत एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते, सकाळी साडेसातला घर सोडते. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दोन महिन्यांत बाबा दोनदा पडले. दुसऱ्यांदा मी घरी येईपर्यंत चार तास बाथरूमच्या दारात तसेच पडून होते. दिवसभरासाठी बाई ठेवावी लागणार हे त्या दिवशी दोघांनाही कळलं. बाई महिन्याला किती घेते ते मी चौकशी करून सांगितलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "बाय, सायकल काढ."

सायकल गॅलरीत टांगलेली असायची, जुन्या चादरीत गुंडाळून. इटलीची, शर्यतीची, निळी. बाबा तिला दर दिवाळीआधी खाली घेत, पुसत, तेल देत आणि पुन्हा टांगत. गेली तीन वर्षं तेही बंद होतं.

ती आली कशी हे सांगायला हवं. आम्ही इथलेच, खाडीकडच्या गावातले. आजोबांची थोडी भातशेती होती आणि उरलेले महिने मिठागरात काम. शेत कारखान्यांच्या वसाहतीत गेलं. बऱ्याच वर्षांनी कोर्टातून वाढीव मोबदला मिळाला आणि तो तिघा भावांत वाटला गेला. थोरल्या काकांनी चाळ बांधली, पुढे तिची बिल्डिंग झाली. मधल्या काकांनी रस्त्यालगत जागा घेतली, तिथे आज त्यांचा लग्नाचा हॉल आहे. बाबा सगळ्यांत धाकटे. ते तेव्हा सायकलच्या शर्यतीत उतरायचे. भाड्याच्या, जड सायकलवर जिल्ह्यात तिसरे आलेले. मुंबईत एका शर्यतीला परदेशी खेळाडू आले होते. परत जाताना सायकली न्यायचा खर्च नको म्हणून त्यातल्या काहींनी त्या इथेच विकल्या. बाबांनी आपला सगळा वाटा त्यातल्या एका सायकलवर घातला आणि मुंबईहून गावापर्यंत ती चालवत आणली.

पुढची चाळीस वर्षं घरातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीला थोरले काका एकदा तरी म्हणायचे, "यानं जमीन इकून सायकल घेतली." लोक हसायचे. बाबाही हसायचे. ते रंगाच्या कारखान्यात नोकरीला होते, बोटं कधी पिवळी, कधी जांभळी. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशात हा चौथ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट झाला.

मग गेल्या वर्षी एका हळदीत चुलतभावाची कॉलेजातली मुलगी फोन घेऊन बाबांकडे आली. "आजोबा, तुमची सायकल अशीच आहे ना? बघा, कितीला लावलीये."

तोच इटलीतला कारखाना, तोच निळा रंग, तीच वर्षं. परदेशातल्या कोणीतरी विकायला ठेवली होती. आपल्या पैशात चार लाखांच्या वर. बाबांनी तिला आकडा दोनदा वाचायला लावला. मग काठी टेकत उठले, मांडवाच्या त्या टोकाला बसलेल्या थोरल्या काकांपर्यंत गेले आणि फोन त्यांच्यापुढे धरला. हात थरथरत होता म्हणून काकांनीच फोन पकडला, चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"ही तुजी हाय?"

"माजीच."

काकांनी फोन परत दिला. त्या रात्री बाबा जेवले भरपूर.

म्हणून ते "सायकल काढ" म्हणाले तेव्हा मला वाटलं, पैशांचा प्रश्न मिटला. खरंच वाटलं. ओळखीतून ठाण्याच्या एका गृहस्थांचा नंबर मिळाला. निवृत्त इंजिनिअर, जुन्या शर्यतीच्या सायकली जमवणारे. ते म्हणाले, घेऊन या, बघू. बाबांना चार जिने उतरून ठाण्यापर्यंत नेणं शक्य नव्हतं. त्यांनी खुर्चीत बसून मला चाकं कशी काढायची ते शिकवलं. पान्याशिवाय, नुसती कळ फिरवून. "रंग मूळचा हाय असं सांग. आणि फ्रेम कुठं आपटू नको." टॅक्सीत मागच्या सीटवर सायकल आणि पुढे मी.

त्या गृहस्थांच्या हॉलमध्ये अकरा सायकली भिंतीवर होत्या. आमची त्यांनी स्टँडवर चढवली आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. उलटी करून खालचा नंबर वाचला, टॉर्चने सांधे पाहिले, ब्रेकवरून अंगठा फिरवला. "खरी आहे, ताई. मला वाटलं होतं नुसते स्टिकर असतील. पण ही खरी आहे."

मी बाबांना फोन लावणार होते. तेवढ्यात त्या गृहस्थांचा हात मागच्या चाकाजवळच्या बारीक नळीवर थांबला.

"इथे काय बसवलं होतं?"

"कॅरिअर."

"वेल्डिंग करून?"

मी हो म्हटलं. कोणी आणि कशासाठी, तेही सांगितलं, कारण ते मला माहीत होतं. मी पहिलीत असताना बांधावरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर निघाल्यावरही वर्षभर मला धड चालता येईना. शाळा गावापासून लांब. शर्यतीच्या सायकलला कॅरिअर लावायला भोकंच नसतात, म्हणून बाबांनी कारखान्यातल्या वेल्डरकडून ते जोडून घेतलं. त्यावर पाठ टेकायला फळी, बसायला उशी. दीड वर्ष मी त्यावरून शाळेत गेले. मला खूप ऐट वाटायची. त्यानंतर बाबा शर्यतीत उतरले नाहीत. उतरणार होते का, हे मी कधी विचारलं नाही.

गृहस्थांनी टॉर्च तिथेच धरला. "इकडून बघा."

रंगाखाली केसाएवढी रेघ होती. नळीला अर्धा वळसा घालून गेलेली.

"ह्या नळ्या अंड्याच्या टरफलासारख्या पातळ असतात," ते म्हणाले. "त्यांना एवढी आग सोसत नाही. कॅरिअर नंतर काढलंत, पण तडा राहिला, वाढला. आता ही चालवता येणार नाही. आणि भिंतीवर लावायला घेणारासुद्धा आधी हेच बघतो."

मी फोनमधला तो चार लाखांचा फोटो त्यांना दाखवला. केस हरलेला माणूस कागद दाखवतो तसा.

"ताई, हा मागितलेला आकडा आहे, मिळालेला नाही," ते म्हणाले. आवाजात कुठेही हेटाळणी नव्हती. "मीही माझ्या ह्या सगळ्यांच्या किमती सांगत असतो. बायको म्हणते, मग एक विकून दाखवा. घेणारा यावा लागतो, त्याच्या मापाची असावी लागते, आणि त्याला ती हवी असावी लागते. तुमची तडा नसलेली असती तरी मी चार दिले नसते."

"किती दिले असते?"

त्यांनी सांगितलं. मग आताचं सांगितलं. फ्रेम नको. गिअर, ब्रेक, पायडलचे दांडे, चाकांचे हब एवढं ते घेतील, कारण त्यांच्याकडे एका सायकलला नेमके तेच पार्ट नव्हते. त्या पैशांत बाईचे सहा महिने निघाले असते.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, "त्यांना विचार करायचाय." बाबा म्हणाले, "करू दे. मोठी रक्कम हाय." पुढचे आठ दिवस मी लॅबमधून आले की ते दाराकडे बघत बसलेले असायचे आणि विचारायचे, "फोन आला?" दिवसभरात स्वतःहून ते तेवढंच बोलायचे. नवव्या दिवशी मी त्यांच्यापुढे स्टूल घेऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. कॅरिअरचंही.

त्यांनी सायकल जवळ आणायला लावली. चष्म्याने दिसेना, तेव्हा बोटाने चाचपून ती रेघ शोधली. बोट थरथरत होतं, पुन्हा पुन्हा निसटत होतं. शेवटी सापडली.

"गॅस जास्त जाला," ते म्हणाले. "पितळ लावून हलक्या हातानं करायला पायजे होतं. मीच सांगितलेलं त्याला, पक्कं कर."

मी वाट पाहत होते, ते माझ्याकडे बघून काहीतरी म्हणतील. राग, किंवा 'असू दे', काहीही. ते वेल्डिंगबद्दलच बोलत राहिले. ज्योत किती असायला हवी होती, पाणी कुठे मारायला हवं होतं. मी हो हो करत राहिले.

पार्ट द्यायचं त्यांनीच ठरवलं. पण एक अट घातली. ते काढायला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. रविवारी मी वर्तमानपत्रं पसरली, पान्यांची पिशवी आणली. बाबा जमिनीवर बसले, मला त्यांना दोन्ही काखांत धरून बसवावं लागलं. पहिला नट त्यांनी धरला आणि पाना त्यावर बसेना. हात जवळ गेला की जास्तच हलायचा. पाना टणटण करून नळीवर आपटायचा, रंगाचा टवका उडायचा, आणि ते "च्" करायचे. पंधरा-वीस मिनिटं एकच नट. मी म्हटलं, "मी धरू का?" ते म्हणाले, "नको." घाम कपाळावरून डोळ्यांत जात होता, तोही त्यांना पुसता येत नव्हता. मी पुसला. मग न विचारता त्यांच्या मुठीवर मूठ ठेवली. ती मूठ माझ्या हाताखाली पाखरासारखी थडथडत होती. त्यांनी मला झटकलं नाही. आम्ही मिळून पाना बसवला आणि फिरवला. सगळे पार्ट निघायला दुपारचे तीन वाजले. मधे जेवायचं राहूनच गेलं.

ते गृहस्थ स्वतः घरी येऊन पार्ट घेऊन गेले. फ्रेम राहिली. बाबा म्हणाले, भंगारात घाल, डोळ्यांसमोर नको. भंगारवाल्याने ती काट्याला लावली आणि काटा जेमतेम दोन किलोंच्या पुढे सरकला.

"ताई, ह्यात काय नाय. एकदम हलकी आहे."

खुर्चीतून बाबा ओरडले, "हलकी म्हणूनच घेतलेली, अरे!" आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, तो थांबेना. मी त्या माणसाला हाताने जा म्हणून खुणावलं आणि पाणी आणायला धावले. फ्रेम परत गॅलरीत ठेवली, पण आता खाली कोपऱ्यात, चादरीने झाकून.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी थोरले काका लग्नाची पत्रिका घेऊन आले. ऐंशीच्या पुढचे, चार जिने दम खात चढून. चहा झाला, पत्रिका झाली. मग गॅलरीकडे बघून त्यांनी विचारलं, "सायकल दिसत नाय. इकलीस?"

बाबांनी तोंड उघडलं. त्यांना हल्ली शब्द बाहेर काढायला वेळ लागतो, ओठ हलतात पण आवाज मागून येतो. तेवढ्या वेळात मी बोलून गेले, "हो काका, गेली. साडेतीन लाखाला."

काका मान हलवत राहिले. म्हणाले, "मंग बरं जालं." आणि लगेच उठले.

दार लावून मी वळले तर बाबा माझ्याकडेच बघत होते. इतकं रागावलेलं मी त्यांना लहानपणीही पाहिलं नव्हतं.

"खोटं कशाला बोललीस?"

"तुमच्यासाठीच बोलले. चाळीस वर्षं ते..."

"मी सांगत होतो ना! मना सांगायचं होतं." त्यांचा आवाज फाटला. "मना बोलू द्यायचं होतंस."

त्यांनी फोन मागितला. काकांचा नंबर लावायला गेले, पण बोट भलत्याच ठिकाणी पडायचं. एकदा कोणाला तरी लागला, तो कापला. चौथ्यांदा त्यांनी फोन माझ्यापुढे धरला, माझ्याकडे न बघता. माझं खोटं भावाला सांगण्यासाठी त्यांना माझ्याच हातांची गरज होती. मी नंबर लावून दिला, त्यांच्या कानाला धरला आणि तशीच उभी राहिले. दुसरं काय करणार.

"पोरगी खोटं बोलली," बाबा म्हणाले. पलीकडून काकांनी काही विचारलं. "नाय. तडा गेलेला... पार्ट इकले... हां... सा महिन्यांचं जालं... नाय रे, रागावू नको तिच्यावर." मग बराच वेळ ते नुसते ऐकत होते. माझा हात अवघडला तरी मी तो हलवला नाही. शेवटी म्हणाले, "ठेव आता," आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

काका त्याच आठवड्यात पुन्हा आले, पण वर आले नाहीत. मला खाली बोलावलं. बिल्डिंगच्या गेटपाशी रिक्षातच बसून होते. म्हणाले, "सा महिने जाल्यावर बाईचे पैसे माज्याकडून नेत जा. त्याला सांगू नको. तो घेणार नाय." मी म्हटलं, मला आता खोटं बोलायचं नाहीये काका. त्यांनी मान डोलावली, पण रिक्षावाल्याला चल म्हणेपर्यंत आपलं बोलणं मागे घेतलं नाही.

सहा महिने कधीच संपले; आता बाईच्या पैशांसाठी दर महिन्याला मी काकांकडे जाऊन येते. बाबांना आता कूसही बदलता येत नाही. सकाळी मी आणि दिवसा बाई त्यांना वळवतो. मधे एकदा, मी त्यांना दूध भरवत असताना, त्यांनी ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"पुरतात अजून? पार्टचे?"

बाबांचा हिशेब कधी चुकत नसे. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण आजाराने त्या चेहऱ्यावर आता काही उमटत नाही. त्यांना सगळं कळलंय, का ते खरंच विचारतायत, हे मला समजायचा काही मार्ग नव्हता.

"पुरतात बाबा," मी म्हटलं आणि चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं.