परीचा ताबा आणि माझं ऑफिस

बुऱ्हाणपुरात मुलांच्या ताब्याचे खटले चालवणाऱ्या वकिलाकडे किस्से आपोआप साठतात. फीचं मात्र तसं नाही! दुःख एवढंच की बहुतेक किश्शांत वेडा मीच ठरतो. आता परीचीच केस घ्या.

परीचे वडील सुनील, दापोरा गावचे केळीवाले. आई रेखा इथल्याच लालबागेत शिक्षिका. दोघं वेगळे झालेले, पोरगी दोघांना हवी. सुनील माझा पक्षकार. त्याला मी फिजिकल कस्टडी, लीगल कस्टडी, जॉइंट कस्टडी असं सगळं घसा कोरडा होईस्तोवर समजावलं.

तो म्हणाला, "बराबर आहे साहेब. पण पोरगी माझ्या ताटात कधी जेवेल?"

घरी हेच ज्ञान मी बायकोला पाजळलं.

ती म्हणाली, "म्हणजे आपल्या पोराची लीगल तुमच्याकडे. कोणती शाळा, यावर भाषण! डबा, ताप, होमवर्क ही फिजिकल माझ्याकडे!"



निकाल लागेपर्यंत परी आईकडे, रविवारी वडिलांकडे, असं ठरलं. पण सोपवायची कुठं? दोघं एकमेकांच्या दारात पाय ठेवेनात. मी ऐटीत म्हणालो, "माझं ऑफिस आहे ना, सिंधीपुऱ्यात!" झालं! कायद्याच्या पुस्तकांवर बाहुल्या बसल्या, माझ्या काळ्या कोटावर खडूची फुलं उमटली. एक नवा पक्षकार दारातूनच विचारता झाला, "यहाँ बच्चों के डॉक्टर बैठते हैं क्या?"

सुनील दर रविवारी केळ्यांची फणी आणायचा. "मॅडमला द्या, पण माझं नाव नका घेऊ."

मी रेखाबाईंना सांगितलं, "बाजारातून आणली."

त्यांनी एक सोलून खाल्लं. "वकीलसाहेब, कोर्टातही असंच खोटं बोलता का? म्हणून तारखा पडतात!"

पण फणी घेऊन गेल्या. पुढं त्या न्यायला लवकर यायला लागल्या, आणि सुनीलचा पाय लवकर निघेना. मला वाटलं, माझा चहा चांगला असतो.

शेवटच्या सुनावणीला मी जोरदार युक्तिवाद पाठ करून गेलो होतो. जजसाहेबांनी आधी परीला चेंबरमध्ये बोलावलं, कुणाकडे राहायचं ते विचारायला. बाहेर सुनील आणि रेखाबाई बाकाच्या दोन टोकांना.

जजसाहेब बाहेर आले, चष्मा पुसत माझ्याकडे बघितलं.

"वकीलसाहब, बच्ची आपके ऑफिस में रहना चाहती है. कहती है, वहाँ मम्मी-पापा दोनों आते हैं."