वाऱ्याच्या बाजूचा बांध

भावकू गावडे बेळगावात एका कॉलेजात शिपाई. राहायला पिरनवाडीत, पण जीव अडकलेला जांबोटीच्या पलीकडच्या एकरभर भातात. आठवड्यातला एक रविवार काय तो शेताचा. सकाळच्या गाडीनं जायचं, साडेतीनच्या गाडीनं परत. ती चुकली की तिथंच मुक्काम, आणि सोमवारची हजेरी बुडाली.

यंदा ऐन भाद्रपदात भाताच्या बुडाला तुडतुड्यांची कीड दिसली आणि त्याच दिवशी औषध फवारायच्या जुन्या हातपंपाचा दांडा मोडला. शनिवारी कॉलेज सुटल्यावर भावकू श्रीनाथच्या शेती-अवजारांच्या दुकानात गेला. श्रीनाथनं एक बॅटरीवरचा पंप काढला आणि एक पेट्रोलवरचा, हत्तीच्या सोंडेसारख्या नळीचा.

"शेताला लागून काय आहे तुमच्या?" श्रीनाथनं विचारलं.

"बांध. त्याच्या पलीकडं जयाक्काचं गवत, म्हशीसाठी राखलेलं."

"मग बॅटरीचा न्या. ह्या मोठ्याचा फवारा तीस फूट जातो. वारा असला तर कुठं जाईल सांगता येत नाही."

"बॅटरीवर किती वेळ लागंल?"

"पाणी आणायचं धरून चार-पाच तास."

"आणि ह्येच्यावर?"

"दीड तासात मोकळे."

भावकूचा हात आधीच त्या नळीवर होता.

रविवारी सकाळभर धुकं हटेना. पानं सुकायला एक वाजला. मशीन सुरू केलं तेव्हा वारा पडलेला होता. पण अर्धं शेत होतंय न होतंय तोवर घाटाकडून झुळूक आली, मग सलग वाराच. पांढरा फवारा भातावर बसायच्या आधीच उचलला जाऊन बांधापलीकडं निघाला. भावकूनं मशीन बंद केलं. वाट पाहिली. वारा थांबेना. घड्याळात अडीच वाजले होते. त्यानं पुन्हा दोरी ओढली.

काम उरकून तो बांधावर आला. पलीकडच्या गवतावर बारीक थेंब चमकत होते. जयाक्काचं घर ओढ्यापलीकडं. जाऊन येण्यात गाडी गेली असती. फोन लावून पाहिला, रेंज नव्हती. 'आज सुट्टीचं कशाला कापंल ती,' असं मनाशी म्हणत त्यानं मशीन पाठीवर टाकलं आणि रस्ता धरला.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. आठ-नऊ किलोमीटर गेल्यावर रस्त्याकडेला एक बाई विळ्यानं गवत कापताना दिसली. कोण होती, ओळखीची नव्हती. पण भावकू ताडकन उठला. जनावरांना कसली सुट्टी?

"थांबवा! गाडी थांबवा!"

तो उतरून पळत सुटला. मागून कंडक्टर ओरडला, "ओ अण्णा, मशीन राहिलं!" त्यानं वळूनही बघितलं नाही.

धापा टाकत तो बांधावर पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते. गवत कापलेलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, भादरल्यासारखं.

ओढा ओलांडताना जयाक्काच्या गोठ्यातला गलका कानावर आला. रेडकू आडवं पडलं होतं, तोंडाला फेस. म्हैस उभी होती, पण लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि चारी पाय लटपटत होते. शेजारचा भरमू मोटरसायकलवरून जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन नुकताच पोचला होता.

"साप चावलाय बघा," भरमू सांगत होता. "गवतातनंच आला असणार."

डॉक्टर रेडकाच्या पायांवर दाताची खूण शोधू लागले. जयाक्का म्हशीच्या मानेवर हात ठेवून उभी होती. भावकूला कुणीच काही विचारलं नाही. तो गप्प उभा राहिला असता तर दोष सापावरच गेला असता.

"साप न्हाय," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, "साप न्हाय, डॉक्टर. मी औषध मारलंय. त्या गवतावर गेलंय." खांद्यावरच्या पिशवीतली रिकामी बाटली त्यानं पुढं केली.

डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि सापावरची सुई बाजूला ठेवून दुसरी भरली. सूर्य डोंगराआड जायच्या आत रेडकू गेलं. म्हैस वाचली.

डॉक्टर हात धुवायला गेले तेव्हा जयाक्कानं पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं.

"गाडी किती वाजता हुती तुझी?"

"साडेतीन."

"आणि बांधावरनं माझं घर किती लांब हाय रं?"

ती वळून म्हशीकडं गेली. भरमूनं कुदळ आणली. रेडकासाठी खड्डा भावकूनंच काढला.

मशीन आठ दिवसांनी डेपोत मिळालं. वापरलेलं म्हणून श्रीनाथनं परत घेतलं नाही, पण बॅटरीचा पंप उधारीवर दिला. आता औषध मारायचं असलं की भावकू आधी ओढा ओलांडून जयाक्काच्या दारात जातो आणि सांगतो. ती "व्हय" म्हणते आणि आत जाते. म्हशीला ती आता वरच्या माळाचंच गवत आणते. बांधापलीकडचं गवत कंबरेएवढं वाढलंय. त्याला कुणीच विळा लावत नाही.